गिल्बर्ट व्हाइट आणि शेकाट्या

पाणवठ्याच्या कांठीं फिरावयास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थी-बंधूंनीं शेकाट्या हा पक्षी पुष्कळ वेळां पाहिला असेल. पांढरें अंग, काळे पंख, सुईसारखी बारीक सरळ चोंच आणि काटकीसारखे लांबच लांब लाल पाय, एवढ्या खुणा ध्यानांत धरल्या म्हणजे तो ओळखण्यास चूक होत नाहीं. याच पक्ष्यानें इंग्लंडांतील एका थोर निरीक्षकास एकदां मोठें कोडें घातलें होतें. त्या सत्पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करितों.

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म हँपशायर परगण्यांतील सेलबोर्न या खेड्यांत १८ जुलै १७२० रोजीं झाला. ऑक्सफर्ड येथील ओरिएल कॉलेजांतून ते १७४३ सालीं पदवीधर झाले व पुढें धर्मोपदेशकाचें काम करूं लागले. त्यांनीं विवाह केला नाहीं. आयुष्याचा बराच काळ जन्मगांवींच राहून तेथील रानें, कुरणें व तळीं त्यांनीं पायाखालीं घातलीं, आणि जें दिसलें तें टिपून ठेविलें.

त्या काळीं पक्ष्यांचा अभ्यास बहुधा मेलेल्या पक्ष्यांवरून होत असे. व्हाइट यांनीं जिवंत पक्ष्याच्या चालीकडे व आवाजाकडे लक्ष दिलें. दिसण्यांत जवळजवळ सारखे असे तीन लहानसे पक्षी त्यांनीं केवळ गाण्यावरून निरनिराळे ओळखिले. करवानक पक्षी घरटें न बांधितां उघड्या जमिनीवर अंडीं घालितो व त्याचीं पिलें दगडांत दगडांसारखीं लपून राहतात, हेंही त्यांनीं वर्णिलें आहे.

१७७९ च्या एप्रिल महिन्यांत जवळच्या फ्रेन्शॅम तलावावर सहा शेकाटे उतरले. त्या देशांत हा पाहुणा अतिशय विरळा. तलावाच्या रखवालदारानें त्यांपैकीं पांच बंदुकीनें मारिले व सहावा तेवढा सोडून दिला. मारलेल्यांपैकीं एक व्हाइट यांचे हातीं आला. आंतडीं काढून व मिरपूड भरून त्याचें वजन केलें तों तें अवघें सवाचार औंस भरलें; आणि उघडे पाय मोजले तों आठ इंच! शिवाय पायास मागचें बोट मुळींच नाहीं. तेव्हां हा प्राणी चालतांना पदोपदीं झोके खात असला पाहिजे, असा तर्क त्यांनीं केला, आणि तो प्रत्यक्ष चालतांना पाहण्यास मिळाला तर किती बरें होईल, अशी उत्कंठाही प्रकट केली. परंतु मेलेला पक्षी चालून कसा दाखविणार?

मित्रांस लिहिलेल्या अशा पत्रांचेंच पुढें पुस्तक झालें व तें १७८८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालें. त्यांत चुकाही आहेत. कांहीं पाकोळ्या हिवाळ्यांत परदेशीं न जातां तेथेंच कोठें तरी दडून राहत असाव्या, ही शंका त्यांच्या मनांतून कधींच गेली नाहीं. परंतु पुरावा सांपडला नाहीं हें त्यांनीं लपविलें नाहीं. पाहिलेलें तें पाहिलेलें आणि तर्क तो तर्क, हा भेद ते सहसा विसरत नसत.

२६ जून १७९३ रोजीं सेलबोर्न येथेंच त्यांचें देहावसान झालें. देवळाच्या आवारांतील त्यांच्या साध्या शिळेवर नांवाचीं दोन आद्याक्षरें व तारीख एवढेंच कोरलेलें आहे.

ज्या दृश्याची ओढ या थोर पुरुषास लागली होती, तें उजनी किंवा जायकवाडीच्या जलाशयाकांठीं आपणांस सहज दिसूं शकतें. शेकाट्या चिखलांत सावकाश, डौलानें पावलें टाकीत चालतो. झोके मुळींच खात नाहीं. व्हाइट यांचा तर्क खोटा ठरविण्यास विद्वत्ता नको, बंदूक तर नकोच. घटकाभर स्तब्ध बसण्याचा धीर मात्र हवा. आमच्या बंधूंनीं येत्या सुटींत एक वही घेऊन पाण्याकांठीं जावें, आणि पक्ष्याचे पाय, चोंच व चाल पाहून मगच त्याचें नांव लिहावें, एवढीच आमची विनंती आहे.