लोकमान्यांचे मोजके ताट

१९१६ साली ३१ मे आणि १ जून असे दोन दिवस लोकमान्य टिळक अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, होते. होमरूल लीग स्थापन होऊन जेमतेम महिना झाला होता. नगरकरांपुढे त्यांनी स्वराज्यावर दोन व्याख्याने दिली. त्याआधी बेळगावला दिलेले भाषण आणि नगरची ही दोन भाषणे सरकारला झोंबली. २३ जुलैला पुण्यात त्यांची साठी साजरी होत असतानाच नोटीस हाती पडली. २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

हा इतिहास अनेकांना माहीत असतो. त्या दोन दिवसांत नगरला बोलणारा साठीचा माणूस मधुमेही होता, हे मात्र क्वचित सांगितले जाते. इन्सुलिन तेव्हा सापडलेले नव्हते, मधुमेहाच्या गोळ्या नव्हत्या. रोग आटोक्यात ठेवण्याची जागा एकच होती, जेवणाचे ताट. भात, पोळी, भाकरी किती खायची, हा प्रश्न आज मधुमेहींना पडतो, तसाच वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही पडतो. म्हणून टिळकांच्या आयुष्याची ही बाजू पुन्हा पाहण्यासारखी आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. लहानपणी त्यांची प्रकृती तोळामासा होती. १८७३च्या सुमारास डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवले. तालीम, कुस्ती, पोहणे हाच दिनक्रम झाला. त्या वर्षी परीक्षेत नापास होण्याची किंमत त्यांनी मोजली, पण पुढच्या आयुष्याला पुरेल असे शरीर मिळवले. १८७७ मध्ये बी.ए., नंतर कायद्याची पदवी, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हा पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे.

या शरीराची परीक्षा तुरुंगांनी घेतली. १८८२ मध्ये आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातले अन्न मानवेना आणि वजन झपाट्याने उतरले. १९०८ मध्ये सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा ते ५२ वर्षांचे होते आणि मधुमेह जडलेला होता. त्या वयात, त्या रोगासह, घरापासून इतक्या दूर सहा वर्षे काढून माणूस परत येईल, याची खात्री कोणालाच नव्हती.

ही भीती अवाजवी नव्हती. भात, गहू, ज्वारी, बाजरी, बटाटा, साबुदाणा यांत मुख्यतः पिष्ट असते. पिष्ट म्हणजे ग्लुकोज साखरेच्या कणांची लांब साखळी. पोटात गेल्यावर ती तुटते आणि साखर रक्तात उतरते. स्वादुपिंडातले इन्सुलिन ही साखर पेशींमध्ये पोहोचवते. इन्सुलिन कमी पडले किंवा त्याचा प्रभाव ओसरला की साखर रक्तात साचते आणि लघवीवाटे बाहेर पडू लागते. पोटभर जेवूनही शरीर उपाशी राहते. जखमा चिघळतात, डोळे, मूत्रपिंडे आणि नसा खराब होतात.

त्या काळच्या डॉक्टरांकडे तोडगा होता तो आहाराचाच. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडून अन्नाची टंचाई झाली, तेव्हा बुशार्दा या फ्रेंच वैद्याच्या लक्षात आले होते की मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. तेव्हापासून पिष्ट आणि साखर तोडणे हाच उपचार ठरला. पुढे अमेरिकेत डॉ. ॲलन यांनी रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापर्यंत मजल नेली. त्यात काही रुग्ण जास्त जगले, पण अगदी हाडांचे सापळे होऊन.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी मधला मार्ग धरला. तिथे त्यांची शिक्षा साध्या कैदेत बदलण्यात आली होती आणि स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी देण्यात आला होता. त्यामुळे काय शिजवायचे हे काही प्रमाणात त्यांच्या हाती राहिले. नेहमीचा भात आणि गहू बाजूला ठेवून त्यांनी सातूचे पीठ, दूध, दही यांवर भर दिला. कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या माणसासाठी भात-पोळी सोडणे ही लहान गोष्ट नव्हती.

इथे एक बारकावा आहे. सातू हेही धान्यच आहे आणि त्यातही भरपूर पिष्ट असते. म्हणजे टिळकांनी पिष्ट पूर्णपणे सोडले नव्हते, त्याचा प्रकार बदलला होता. सातूमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो. तो पोटात पाण्याबरोबर फुगतो, जठर सावकाश रिकामे होते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. हे रसायन तेव्हा उलगडलेले नव्हते. तरी अनुभवाने निवडलेले धान्य आजच्या ज्ञानालाही पटणारे आहे.

मंडालेची खोली लाकडी फळ्यांची होती. उन्हाळ्यात ती तापायची आणि थंडीत गारठायची. तिथेच १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले, कारण शाई वापरण्याची परवानगी नव्हती. जून १९१२ मध्ये पुण्यात पत्नी सत्यभामाबाई वारल्या. ते दुःखही त्यांनी त्याच कोठडीत सोसले. जून १९१४ मध्ये ते पुण्याला परतले तेव्हा थकलेले होते, पण जिवंत आणि कामाला सज्ज होते. नगरच्या व्याख्यानांनंतर लखनौ काँग्रेस, होमरूलचे दौरे आणि १९१८-१९ मधला इंग्लंडचा प्रवास हे सगळे त्यांनी या रोगासह केले.

पथ्याला मर्यादाही होती. जुलै १९२० मध्ये मुंबईत सरदारगृहात मुक्काम असताना टिळकांना ताप आला, पुढे न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टच्या पहाटेपूर्वीच त्यांची प्राणज्योत मालवली. वय ६४. पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला देण्यात आले. उपाशी ठेवण्याचा उपचार त्यानंतर मागे पडला.

आज मधुमेहाच्या गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे आणि वजन फार वाढलेल्यांसाठी जठराची शस्त्रक्रियाही आहे. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा मधुमेह लक्षणीय सुधारतो. पण तिच्यानंतरही ताट मोजावेच लागते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढला जातो. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवीच उरते. इतक्या कमी जागेत आधी भात किंवा भाकरी गेली, तर डाळ, अंडे, पनीर, मासे यांना जागाच राहत नाही. प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात आणि अशक्तपणा येतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी प्रथिने, मग भाजी आणि शेवटी दोन-तीन चमचे भात किंवा भाकरीचा छोटा तुकडा. मऊ भात आणि ताजा पाव चिकट गोळा होऊन अडकू शकतात, त्यामुळे घास लहान घ्यावा आणि खूप चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, नंतर अर्ध्या तासाने प्यावे. गोड किंवा मैद्याचे पदार्थ जास्त झाले, तर विशेषतः बायपासनंतर ते झपाट्याने आतड्यात उतरतात. मग पोटात कळ, धडधड, घाम आणि जुलाब होतात. कधी एक ते तीन तासांनी साखर एकदम उतरून चक्कर येते. चिवडा, बिस्किटे, वेफर्स यांचा धोका वेगळा आहे. ते तोंडातच विरघळतात, लहान जठरातूनही सहज सरकतात आणि उतरलेले वजन पुन्हा चढू लागते.

नगर भागात ज्वारी-बाजरीची भाकरी हे रोजचे अन्न आहे. भाकरी मैद्यापेक्षा चांगली, पण मोकळीक देणारी नाही. ज्वारीच्या पिठात जवळजवळ ७० टक्के कर्बोदके असतात. भाकरी कोणत्या धान्याची याइतकेच ती किती, हेही महत्त्वाचे. उलट पिष्ट कायमचे बंद करण्याचा हट्टही बहुतेकांना झेपत नाही. काही महिन्यांनी तो मोडतो आणि मग मोजमापच सुटते. किती खायचे ते आपल्या शल्यविशारदाकडून आणि आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर जेवण कमी होताच त्यांची मात्राही तपासून घ्यावी, नाहीतर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते.

टिळकांना एवढी साधने मिळाली नाहीत. त्यांच्याजवळ होते सातूचे पीठ, दूध-दही आणि रोज पाळलेले पथ्य. तेवढ्यावर मंडालेची सहा वर्षे निभावली आणि दोन वर्षांनी ते नगरला येऊन बोलू शकले.