कै. पार्वतीबाई आठवले यांचे इंग्रजी

हिंगण्याच्या संस्थेचे नाव निघाले म्हणजे महर्षि अण्णासाहेब कर्वे यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या संस्थेच्या उभारणीत ज्यांनी आपला देह झिजविला त्या कै. पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र आपल्या घरांतील मुलींस आज कितपत ठाऊक असेल याची शंका वाटते. त्यांच्या लोकसेवेविषयी पुष्कळ लिहिता येईल. येथे मुख्यत्वे एकच हकीकत सांगावयाची आहे. ती म्हणजे प्रौढ वयात त्यांनी इंग्रजी भाषेशी मांडलेल्या झुंजीची.

त्यांचा जन्म १८७० साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे जोशी यांच्या घराण्यात झाला. अकराव्या वर्षी विवाह व विसाव्या वर्षी वैधव्य, आणि पदरी एक लहान मुलगा, एवढ्या दोन ओळींत त्यांचे पूर्वायुष्य संपते. त्या काळी अशा स्त्रीची पुढील वाट स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत आखलेली असे. पार्वतीबाईंची वाट वळली ती त्यांच्या भगिनीमुळे. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. १८९३ साली अण्णासाहेबांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या व पुढे सर्वांच्या ‘बाया’ म्हणून ओळखल्या गेल्या. त्या विवाहामुळे मुरुडास अण्णासाहेबांवर बहिष्कार पडला, हे वाचकांस विदित आहेच. पार्वतीबाईंनी स्वतः पुनर्विवाह केला नाही, पण बहिणीच्या आधाराने त्या पुण्यास आल्या आणि पंचविशीच्या सुमारास शिक्षणास लागल्या.

ज्या वयात स्त्रिया मुलाबाळांचा अभ्यास घेतात, त्या वयात स्वतः पाटी घेऊन बसणे ही सोपी गोष्ट नव्हे. मराठी तरी मातृभाषा होती. कानाला ओळखीचे असलेलेच शब्द डोळ्यांनी ओळखावयाचे एवढेच काम. इंग्रजीचे तसे नाही. शाळेतील इंग्रजीची पहिली पुस्तके सात-आठ वर्षांच्या मुलासाठी लिहिलेली असत. मांजर आणि चटई यांची वाक्ये घोकण्यात लहान मुलास मौज वाटते. संसाराचे चटके सोसून आलेल्या बाईस त्यात लाज मात्र वाटते. बुद्धी पक्व असते आणि जिभेवरची भाषा बालकाची. मनातील विचार शंभर, आणि बोलता येतात चार शब्द. त्यात स्पेलिंग चुकले की वर्गातील पोरीसोरी हसणार. प्रौढ विद्यार्थिनी मागे पडते ती बहुधा याच ठिकाणी, आणि लोक समजतात की तिला डोके नाही. आमच्या मते हा दोष शिकणाराचा नव्हे, शिकविण्याच्या पद्धतीचा आहे.

अण्णासाहेबांस उशिरा शिकण्याची ही अडचण परकी नव्हती. ते स्वतः १८८१ साली, तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला व १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवून इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून ठेवण्यात आला. भूगोल आणि इतिहास इंग्रजीच्या ओझ्याखाली चिरडू नयेत, पण इंग्रजीही सुटू नये, अशी ती योजना होती.

पार्वतीबाई आश्रमाच्या कामात पडल्या. वर्गणी व देणग्या जमविण्यासाठी त्या गावोगाव हिंडल्या, सभांतून बोलल्या. महाराष्ट्रात त्यांच्या मराठीने लोकांची मने वळत. पण मराठी मुलुखाची सीमा ओलांडली की तीच जीभ मुकी. इंग्रजी येत नाही ही खंत त्यांस बोचू लागली. संस्थेचा व्याप सांभाळून वर्गात बसणे हे घडण्यासारखे नव्हते. आणि घडते तरी किती उपयोग झाला असता हा प्रश्नच आहे.

तेव्हा या बाईंनी जो मार्ग काढला तो ऐकून आजही माणूस थक्क होतो. १९१८ साली, पन्नाशी जवळ आली असता, इंग्रजी शिकण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेस निघाल्या. महायुद्ध अद्याप चालू होते. जपानच्या वाटेने प्रशांत महासागर ओलांडून त्या तेथे पोहोचल्या. हाती द्रव्य नाही, भाषा नाही, आणि शाकाहाराचा नेम सोडावयाचा नाही. निर्वाहासाठी त्यांनी अमेरिकन कुटुंबांतून घरकाम पत्करले. कोकणातील ब्राह्मण घरची, सोवळ्याओवळ्यात वाढलेली विधवा परक्यांची भांडी घासू लागली.

हे कष्ट होते खरे, पण शाळाही हीच होती. हातात जे भांडे आहे त्याचेच नाव कानी पडावे, जे काम करावयाचे तेच वाक्य रोज ऐकावे, चूक झाली तर ती तत्काळ समोर दिसावी. पुस्तकातील मांजरापेक्षा हे शिक्षण प्रौढ माणसाच्या गळी लवकर उतरते. व्याकरण मागाहून येते. पार्वतीबाईंस विदुषी व्हावयाचे नव्हते. आपल्या संस्थेची हकीकत परक्या माणसास सांगता यावी एवढेच त्यांस हवे होते, आणि गरज एवढी नेमकी असली म्हणजे अभ्यासही नेमका होतो. अमेरिकेत त्यांनी संस्थेसाठी मदतही मिळविली. १९२० साली त्या परत आल्या व पुन्हा आपल्या कामास लागल्या.

त्यांनी आपले आत्मचरित्र ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध केले, आणि ते मराठीतच लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३० साली निघाले ते रेव्हरंड जस्टिन ॲबट यांच्या हातचे. हे गृहस्थ अमेरिकन असून पश्चिम हिंदुस्थानात अनेक वर्षे मिशनरी होते व मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेण्याचे काम त्यांनी केले होते. त्यांनीही मराठी शिकण्यास पुष्कळ कष्ट घेतले असतील.

पार्वतीबाई १९५५ साली निवर्तल्या. अण्णासाहेब त्यांच्यामागून सात वर्षांनी, १९६२ साली गेले.