अमेरिकेत म्हातारपणाची पेन्शन आणली या बाईंनी, पण त्या स्वतः शेवटपर्यंत काम करत राहिल्या

31 जानेवारी 1940. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लडलो नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे राहणाऱ्या आयडा मे फुलर या बाईंच्या नावाने त्या तारखेचा एक सरकारी चेक निघाला. चेकचा नंबर होता 00-000-001 आणि रक्कम होती 22 डॉलर 54 सेंट.

फुलरबाई वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी होत्या. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या पगारातून या पेन्शनसाठी कापले गेले होते फक्त 24 डॉलर 75 सेंट. पुढे त्या 100 वर्षं जगल्या आणि 1975 मध्ये वारल्या, तोपर्यंत त्यांना एकूण 22 हजार 888 डॉलर मिळाले होते.

हा चेक म्हणजे अमेरिकेच्या 'सोशल सिक्युरिटी'ची पहिली मासिक पेन्शन. आज ही योजना म्हटलं की राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं नाव घेतलं जातं. पण ज्या समितीने या योजनेचा आराखडा बनवला, तिच्या अध्यक्ष एक बाई होत्या. त्यांचं नाव फ्रान्सिस पर्किन्स.

एका आगीने सगळं बदललं

फ्रान्सिस यांचा जन्म 10 एप्रिल 1880 चा, बोस्टनमधला. घर खाऊनपिऊन सुखी. गरीब माणूस आळशी असतो किंवा दारुडा असतो, म्हणून तो गरीब असतो, असं मानायचा तो काळ. कॉलेजात असताना एका प्राध्यापिकेने मुलींना गावातल्या कारखान्यांत पाठवलं. तिथे फ्रान्सिस यांनी पाहिलं की दिवसभर राबणारी बाई एक बोट मशिनीत गेलं की कामावरून जाते आणि तिचं घर उघड्यावर येतं. यात आळस कुठून आला?

1902 मध्ये पदवी घेऊन त्या शिक्षिका झाल्या. शिकागोत 'हल हाऊस' या गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेत राबल्या, 1910 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून एमए केलं आणि न्यूयॉर्कमध्ये कामगारांचे प्रश्न मांडणाऱ्या संघटनेत काम सुरू केलं.

25 मार्च 1911 च्या दुपारी त्या वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका मैत्रिणीकडे चहाला गेल्या होत्या. बाहेर आगीच्या बंबांचा आवाज आला म्हणून सगळे धावत गेले. ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली होती. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं आणि बंबाच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नव्हत्या. फ्रान्सिस यांच्या डोळ्यांसमोर मुली खिडक्यांतून उड्या मारत होत्या. त्या आगीत 146 जण गेले. बहुतेक जणी युरोपातून आलेल्या गरीब तरुण मुली होत्या.

त्यानंतर राज्याने चौकशी आयोग नेमला. फ्रान्सिस यांनी आयोगाच्या आमदारांना नुसते कागद वाचायला दिले नाहीत, तर त्यांना थेट कारखान्यांत नेऊन उभं केलं. त्यातून आगीपासून बचाव, बाहेर पडायचे रस्ते, कामाचे तास यांचे कायदे झाले. माणसाच्या हालाला फक्त त्याचं नशीब जबाबदार नसतं, कायदाही जबाबदार असतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कायमची बसली.

घरची परिस्थिती

1913 मध्ये त्यांनी पॉल विल्सन या अर्थतज्ज्ञाशी लग्न केलं आणि माहेरचंच नाव ठेवलं. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. त्यांना एक मुलगी झाली. पण काही वर्षांतच पॉल यांना गंभीर मानसिक आजार जडला आणि पुढचं आयुष्य दवाखान्याच्या आत-बाहेर करण्यात गेलं. घर चालवणं, औषधपाणी आणि मुलीचं शिक्षण, सगळं फ्रान्सिस यांच्या एकट्या पगारावर आलं. कमावता माणूस आजारी पडला की घराचं काय होतं, हे त्या स्वतः भोगत होत्या. बाहेर मात्र त्यांनी याचा कधी गाजावाजा केला नाही.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांनी 1919 मध्ये त्यांना राज्याच्या औद्योगिक आयोगावर घेतलं. 1929 मध्ये नवे गव्हर्नर रूझवेल्ट यांनी त्यांना राज्याच्या कामगार खात्याचं प्रमुख केलं. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली.

तेव्हाच्या म्हाताऱ्यांचं काय व्हायचं?

तेव्हा म्हातारपणी पैसे संपले आणि पोरांनी सांभाळलं नाही, तर शेवटचा आसरा म्हणजे 'पुअरहाऊस', सरकारी गरीबखाना. तिथे जायचं म्हणजे गावात इज्जत गेली. काही राज्यांत तर सरकारी मदतीवर जगणाऱ्या निराधार माणसाचा मतदानाचा हक्कही काढून घेतला जायचा.

काही राज्यांनी वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली होती. न्यूयॉर्कने 1930 मध्ये कायदा केला, पण वयाची अट होती 70 वर्षं. 1934 पर्यंत जवळपास 30 राज्यांत असे कायदे झाले होते. ऐकायला बरं वाटतं, पण प्रत्यक्षात देशातल्या फक्त 3 टक्के वृद्धांना या योजनांमधून पैसे मिळत होते आणि तेही दिवसाला सरासरी 65 सेंट. मंदीत राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या, त्यामुळे कागदावर पात्र असलेल्या माणसाच्या हातात काही पडत नव्हतं.

त्यात बँका बुडाल्या आणि आयुष्यभराची पुंजी गेली. कॅलिफोर्नियातले एक वयस्कर डॉक्टर, फ्रान्सिस टाऊनसेंड, यांनी योजना मांडली की 60 वर्षांवरच्या प्रत्येकाला महिन्याला 200 डॉलर द्या, अट एवढीच की काम सोडायचं आणि पैसे महिन्याभरात खर्च करायचे. हिशेबात ही योजना बसत नव्हती, पण लाखो म्हातारे तिच्यामागे उभे राहिले. आता सरकारला काहीतरी करणं भाग होतं.

मंत्रिपद स्वीकारायच्या आधी ठेवली यादी

फेब्रुवारी 1933. निवडून आलेल्या रूझवेल्ट यांनी पर्किन्स यांना कामगार मंत्रिपद देऊ केलं. त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी आपल्याला काय करायचंय त्याची यादी ठेवली: बालमजुरीवर बंदी, किमान वेतन, कामाचे ठरावीक तास, बेकारी विमा, म्हातारपणाचा विमा, आरोग्य विमा. हे मान्य असेल तरच येते, असा त्यांचा पवित्रा होता. रूझवेल्ट हो म्हणाले आणि पर्किन्स अमेरिकेच्या इतिहासातल्या पहिल्या महिला केंद्रीय मंत्री झाल्या.

जून 1934 मध्ये समिती नेमली गेली आणि अध्यक्षपद पर्किन्स यांच्याकडे आलं. मोठा धोका सुप्रीम कोर्टाचा होता, कारण असा कायदा कोर्ट रद्द करू शकलं असतं. यावर उपाय सापडला एका चहापानात. न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांनी त्यांना हळूच सुचवलं की केंद्राच्या कर लावण्याच्या अधिकाराचा आधार घ्या. कायदा तसाच बेतला गेला आणि 1937 मध्ये कोर्टात टिकलाही.

समितीत वाद मात्र संपेनात. सांगितलं जातं की 1934 च्या डिसेंबरात पर्किन्स यांनी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं, टेलिफोन बंद केला, टेबलावर व्हिस्कीची बाटली ठेवली आणि निर्णय झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही अशी तंबी दिली. पहाटेपर्यंत निर्णय झाला.

पात्र कोण, अपात्र कोण?

कायद्यात वृद्धांसाठी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

पहिली, विमा. कामगाराच्या पगारातून कपात, तेवढीच रक्कम मालकाकडून, आणि 65 व्या वर्षी केंद्राकडून पेन्शन. गरीब आहात का, हे कोणी विचारणार नाही. तुम्ही पैसे भरले, म्हणून तुमचा हक्क.

दुसरी, राज्यांमार्फत मदत. जे आधीच म्हातारे झाले होते त्यांनी विमा भरणार कधी? म्हणून गरजू वृद्धांना राज्याने पैसे द्यायचे आणि त्यातला अर्धा वाटा केंद्राने उचलायचा, महिन्याला माणशी 15 डॉलरपर्यंत. इथे मात्र आपण गरीब आहोत हे दाखवावं लागायचं. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेसाठी 65 वर्षं वय आणि 21 हजारांच्या आतलं वार्षिक उत्पन्न दाखवणारे दाखले जोडावे लागतात, तसाच हा प्रकार.

पण केंद्राने पैसे देताना राज्यांना अटी घातल्या. योजना राज्याच्या प्रत्येक भागात लागू हवी. 1940 नंतर वयाची अट 65 च्या वर नको. राज्यात किती वर्षं राहिलात, या अटीलाही मर्यादा. मदत रोख पैशांत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज नाकारला तर सुनावणी मागण्याचा हक्क. कालपर्यंत गरीबखान्याच्या दारात हात जोडून उभा असलेला म्हातारा आता सरकारला माझा अर्ज का नाकारला, असं विचारू शकत होता.

मग 65 हेच वय का? हा आकडा जर्मनीच्या बिस्मार्ककडून उचलला असं सर्रास सांगितलं जातं. पण जर्मनीच्या 1889 च्या कायद्यात वय 70 होतं, ते 65 झालं 1916 मध्ये. अमेरिकेतल्या राज्यांच्या योजनांत काही ठिकाणी 65 होतं, काही ठिकाणी 70. समितीने हिशेब मांडला आणि 65 वर बोट ठेवलं.

आता या कायद्याची दुखरी बाजू. समितीची शिफारस होती की शेतमजूर आणि घरकामगारांनाही विम्यात घ्यावं. संसदेत त्यांना वगळलं गेलं. त्यांच्याकडून कपात गोळा करणं अवघड आहे, असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं. त्याचवेळी दक्षिणेतल्या खासदारांना काळ्या मजुरांच्या हातात केंद्राचा पैसा नको होता. यातलं कोणतं कारण जास्त जड होतं यावर इतिहासकार आजही भांडतात. परिणाम मात्र स्पष्ट होता. देशातले जवळपास निम्मे कामगार बाहेर राहिले आणि काळ्या कामगारांत हे प्रमाण बरंच जास्त होतं.

राज्यांच्या मदतीतही असंच झालं. सन्मानाने जगता येईल एवढी रक्कम द्यावी, अशी अट मूळ विधेयकात होती. दक्षिणेच्या दबावाखाली ती गळली. किती द्यायचं ते राज्यांवर सोडलं गेलं आणि एकाच वयाच्या, सारख्याच गरिबीतल्या दोन म्हाताऱ्यांना राज्य बदललं की वेगळी रक्कम मिळू लागली.

आरोग्य विमा तर डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे आधीच बाजूला पडला होता.

पर्किन्स यांच्यापुढे दोनच रस्ते होते. सगळ्यांना घ्या म्हणून अडून बसायचं आणि विधेयक पडू द्यायचं, किंवा जेवढं मिळतंय तेवढं घेऊन बाकीच्यांसाठी दार किलकिलं ठेवायचं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. ज्यांना वाट पाहावी लागली, त्यांनी त्याची किंमत मोजली.

14 ऑगस्ट 1935 ला रूझवेल्ट यांनी कायद्यावर सही केली. त्या फोटोत त्यांच्या मागे पर्किन्स उभ्या दिसतात. त्यांचे चरित्रकार सांगतात की त्याच दिवशी त्यांना फोन आला होता, आजारी नवरा दवाखान्यातून निघून गेलाय. कार्यक्रम उरकून त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि नवऱ्याला शोधून काढलं.

त्यांना स्वतःला काय मिळालं?

1939 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन विधवा आणि कामगारांच्या वयस्कर बायका यांनाही पेन्शन मंजूर झाली. त्याच वर्षी पर्किन्स यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव आला. एका परदेशी कामगार नेत्याला त्यांनी देशाबाहेर हाकललं नाही, हा आरोप. समितीने प्रस्ताव फेटाळला, पण झालेली बदनामी पुसली गेली नाही. तरीही रूझवेल्ट यांच्या पूर्ण कारकिर्दीत, तब्बल 12 वर्षं, त्या मंत्री राहिल्या.

1945 मध्ये मंत्रिपद गेलं. 1952 मध्ये नवरा वारला. 65 हे निवृत्तीचं वय ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई स्वतः मात्र 65 नंतरही कामच करत राहिल्या. आधी सरकारी सेवा आयोगात, मग कॉर्नेल विद्यापीठात शिकवायला. 14 मे 1965 ला, वयाच्या 85 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

त्यांनी किलकिलं ठेवलेलं दार मात्र उघडत गेलं. 1950 आणि 1954 च्या दुरुस्त्यांनी शेतमजूर आणि घरकामगार विम्यात आले. 1974 पासून राज्यांच्या मदतीची जागा केंद्राच्या योजनेने घेतली आणि देशभर पात्रतेचे निकष सारखे झाले.

आणि यादीत राहून गेलेला आरोग्य विमा? 65 वर्षांवरच्या लोकांसाठी 'मेडिकेअर'च्या कायद्यावर 30 जुलै 1965 ला सही झाली. पर्किन्स यांना जाऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.