दादासाहेब फाळके आणि राज्याश्रय

आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी पुढे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत शिकले. ही विद्याशाखा ज्या कलाभवनातून वाढली, तेथे १८९० साली त्र्यंबकेश्वरचा एक वीस वर्षांचा तरुण दाखल झाला होता. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. सयाजीराव महाराजांनी त्याच वर्षी ही संस्था उभी केली होती. प्राचार्य गज्जरांनी या विद्यार्थ्याची चिकाटी ओळखून छायाचित्रणाची प्रयोगशाळा त्याला मोकळी करून दिली. राजसत्तेचा हात असा योग्य वेळी पाठीवर पडला, तो शिक्षणापुरता.

१९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून फाळक्यांनी आपल्या पुराणकथा पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. भांडवल मात्र घरचेच. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. दादरच्या राहत्या घरात रात्री अंधार करून सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. या बाईंचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही, असे मला नेहमी वाटते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

चित्रपट काढणे अवघड, पण तो गावोगावी पोहोचविणे त्याहून अवघड होते. चित्रपटगृहांच्या मोठ्या साखळ्या परदेशी चित्रपटांवर चालत. सरकारचे लक्ष गेले ते निराळ्याच दिशेने. १९१८ मध्ये परवाने व तपासणीचा कायदा झाला, १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कर लागला आणि परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मवर जकात होतीच. कर्ज किंवा अनुदान यांचा विचारही नव्हता. फाळक्यांनी १९१८ मध्ये नाशिकला भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, पण हिशेबाच्या ओढाताणीत ते विटून काही काळ काशीला निघून गेले.

१९२७ साली दिवाण बहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. देशात लागणाऱ्या शंभर चित्रपटांपैकी पंधरा-एकच भारतीय असल्याचे तिला आढळले. फाळक्यांनीही तिच्यापुढे साक्ष दिली. निर्मात्यांना कर्ज द्यावे, कच्च्या फिल्मवरील जकात काढावी, भारतीय चित्रपटांना पडदा मिळावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. काही सदस्यांनी मतभेद नोंदविला आणि सरकारने तो अहवाल कपाटात ठेवला. फाळके तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते.

बोलपटाच्या लाटेत ‘गंगावतरण’ हा १९३७ चा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. हे लिहिताना मन खिन्न होते.

स्वतंत्र भारतात स. का. पाटील समितीने १९५१ मध्ये नव्याने तीच वाट दाखविली. १९६० मध्ये चित्रपट वित्त महामंडळ व पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. या संग्रहालयाने फाळक्यांची उरलीसुरली रिळे मिळवून जपली. ‘राजा हरिश्चंद्र’चा थोडाच भाग हाती लागला, ‘कालियामर्दन’ मात्र बराचसा शाबूत आहे. त्यात कृष्ण झाली आहे ती त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी.