अबुल कासिम जहरावी : सत्य लिहून ठेवणारा शल्यचिकित्सक

इस्लामी इतिहासातील थोर पुरुषांची चरित्रे सांगताना आपण बहुधा त्यांच्या यशाचीच उजळणी करतो. कोणी कोणता शोध लावला, कोणाचा ग्रंथ युरोपात किती शतके शिकवला गेला, हे ऐकून मन सुखावते. अंदलुसचे महान शल्यचिकित्सक अबुल कासिम जहरावी (रह.) यांच्या जीवनातही अशा अभिमानास्पद गोष्टी पुष्कळ आहेत. मात्र त्यांचा ग्रंथ वाचताना मन थबकते ते वेगळ्याच ठिकाणी. ज्या रुग्णांना त्यांच्या हातून आराम पडला त्यांच्याबरोबरच, ज्यांच्यापुढे त्यांची विद्या हरली त्यांचीही नोंद या माणसाने प्रामाणिकपणे करून ठेवली आहे.

त्यांचे नाव खलफ बिन अब्बास. अबुल कासिम ही त्यांची कुन्यत. घराणे अन्सारी म्हणवत असे, हिजरतीच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांना आश्रय देणाऱ्या मदीनावासीयांशी आपले नाते ते घराणे सांगत होते. त्यांचा जन्म इ. स. ९३६ च्या सुमारास, म्हणजे हिजरी ३२५ च्या आसपास झाला, असे मानले जाते. त्याच वर्षी स्पेनचे उमय्या खलिफा तिसरे अब्दुर्रहमान यांनी राजधानी कुर्तुबापासून काही मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी, मदीनतुज्जहरा हे नवे नगर वसवण्यास आरंभ केला होता. या नगरावरूनच अबुल कासिम यांना जहरावी हे नाव मिळाले.

त्या काळचे कुर्तुबा हे युरोपातील अग्रगण्य शहर होते. खलिफा दुसरे हकम यांच्या ग्रंथप्रेमाची ख्याती दूरवर पसरली होती. दूरदेशांतून हस्तलिखिते येत, त्यांच्या प्रती होत आणि विद्वान त्यांवर चर्चा करीत. अशा वातावरणात जहरावी वाढले, शिकले आणि रुग्णसेवेत रमले. त्यांच्या खाजगी जीवनाविषयी इतिहासाने फारच थोडे जपून ठेवले आहे. थोर विद्वान इब्ने हज्म यांनी आपण त्यांना प्रत्यक्ष पाहिल्याचे नमूद करून त्यांच्या ग्रंथाची प्रशंसा केली आहे. पुढच्या पिढीतील चरित्रकार हुमैदी यांनी त्यांच्या विद्वत्तेबरोबर त्यांच्या धर्मनिष्ठेचीही साक्ष दिली आहे. बाकीची ओळख त्यांच्या ग्रंथातून करून घ्यावी लागते.

हा ग्रंथ म्हणजे 'अत्तसरीफ'. इ. स. १००० च्या सुमारास तो पूर्ण झाला. ज्याला स्वतः विविध ग्रंथांतून ज्ञान गोळा करणे शक्य नाही त्याच्या हाती सर्व वैद्यकविद्या एकत्र द्यावी, या हेतूने त्याची रचना झाली. त्याचे एकूण ३० भाग आहेत. त्यांतील शेवटचा, तिसावा भाग शल्यचिकित्सेला वाहिलेला आहे. त्यात प्रथम डाग देण्याचे उपचार, नंतर चिरफाड व टाके घालणे आणि अखेरीस मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसवणे, असा क्रम आहे. सुमारे २०० शस्त्रांची आणि उपकरणांची चित्रे त्यांनी त्यात दिली. कोणते शस्त्र कसे घडवावे, कोठे आणि कसे वापरावे, हे शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहावे, हा त्यामागील उद्देश होता. आपल्या शिष्यांना ते मुलांनो असे संबोधतात. त्यामुळे ग्रंथभर एखाद्या पित्याचा स्वर ऐकू येतो.

त्या भागाची सुरुवातच एका वेदनेने होते. आपल्या देशात कुशल शल्यचिकित्सक जवळजवळ उरलेले नाहीत, कारण लोक शरीररचना न शिकताच हातात शस्त्र घेतात, अशी खंत ते व्यक्त करतात आणि पाहिलेल्या दुर्घटना सांगतात. एका अडाणी वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गंडमाळ कापताना रक्तवाहिन्या छेदल्या आणि ती जागीच दगावली. दुसऱ्याने एका अतिवृद्ध माणसाचा मोठा मुतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाही ओढून काढला. तो वृद्ध तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मरण पावला. हाच खडा काढण्यासाठी आधी जहरावींना बोलावले होते. खड्याचा आकार आणि रुग्णाची अवस्था पाहून तो वाचणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. तिसऱ्या एका वैद्याने पाय मोडलेल्या तरुणाच्या उघड्या जखमेवरच घट्ट पट्ट्या आवळल्या आणि त्या सोडू नयेत अशी ताकीद दिली. जहरावी पोहोचले तेव्हा पाय सुजून सडू लागला होता. पट्ट्या सोडताच वेदना थांबल्या, प्राण मात्र वाचला नाही.

म्हणूनच ते शिष्यांना बजावतात, की शस्त्रक्रिया दोन प्रकारच्या असतात. एकीत रुग्ण सुखरूप राहण्याची आशा अधिक, तर दुसरीत धोका अधिक. धोका कोठे आहे, हे ते जागोजागी सांगतात. धनाच्या लोभाने अवघड रुग्ण हाती घेऊ नये, लोभापेक्षा सावधपणा मोठा असावा आणि रुग्णाशी दयेने वागावे, ही त्यांची शिकवण आहे. ज्याची वैद्यकातील जाण कोणाला ठाऊक नाही अशा माणसाने उपचार केला आणि हानी झाली, तर त्या हानीची जबाबदारी त्याच्यावरच राहते, अशा आशयाची हदीस आपल्याला परिचित आहे. जहरावींचे हे प्रकरण म्हणजे जणू त्या आदेशाचे भाष्यच होय.

त्यांची दया केवळ शब्दांत नव्हती. गळू फोडताना शस्त्र पाहून रुग्ण घाबरतो, म्हणून पाते बोटांच्या आड लपून राहील असे एक छोटे शस्त्र त्यांनी वर्णन केले आहे. स्त्रियांच्या मुतखड्याविषयी लिहिताना त्यांच्या लज्जेचा ते विचार करतात. जाणकार स्त्री उपलब्ध असेल तर तिच्याकडून, नसेल तर कुशल सुईणीला सोबत घेऊन चारित्र्यवान वैद्याने उपचार करावा, असा मार्ग ते दाखवतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधणे, आतड्याची जखम जनावराच्या आतड्यापासून काढलेल्या धाग्याने शिवणे, हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधणे, अशा अनेक उपचारांची माहिती त्यांनी दिली.

एकदा एका दासीने स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली. जहरावींना बोलावले गेले. श्वासनलिकेला जखम होऊन तिच्यातून हवा बाहेर येत होती. त्यांनी घाईने जखम शिवली आणि ती बरी होईपर्यंत उपचार केले. दासी वाचली, फक्त तिचा आवाज थोडा घोगरा राहिला. श्वास कोंडलेल्या रुग्णाची श्वासनलिका उघडण्यास पूर्वीचे वैद्य कचरत असत. या अनुभवावरून जहरावींनी निष्कर्ष काढला, की श्वासनलिकेवरील छेद भरून येऊ शकतो. आवाजातील घोगरेपणाही त्यांनी लिहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बरे झाली एवढेच लिहून ते थांबले नाहीत.

कर्करोगाविषयी त्यांनी आणखी स्पष्ट लिहिले. गाठ लहान आणि पूर्ण काढता येण्याजोग्या जागी असेल तर काढावी. मात्र ती जुनी आणि मोठी झाली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. असा रुग्ण आपल्या हातून कधी बरा झाला नाही आणि इतर कोणाच्या हातून झालेलाही आपण पाहिला नाही, असे त्यांनी कबूल केले. डोक्यात पाणी साचलेल्या बालकांबाबतही तसेच. अशी जी बालके पाहिली ती लवकरच दगावली, म्हणून ती शस्त्रक्रिया न करणेच आपण पसंत केले, असे ते सांगतात.

सर्वांत हृदयस्पर्शी हकीकत एका माणसाची आहे. त्याचा पाय काळा पडून सडू लागला होता. त्याने धीर करून स्वतःच तो सांध्यापाशी कापला आणि तो वाचला. काही काळाने तोच रोग त्याच्या हाताला झाला. तो जहरावींकडे आला आणि हात कापण्याची विनंती करू लागला. त्याची शक्ती क्षीण झाली होती. शस्त्रक्रियेत तो दगावेल, या भीतीने जहरावींनी नकार दिला. निराश होऊन तो घरी गेला. पुढे जहरावींच्या कानी आले, की त्याने स्वतःच आपला हात कापला आणि तो बरा झाला. आपला अंदाज चुकल्याची ही हकीकत ते लपवू शकले असते. तो माणूस निघून गेला होता, जाब विचारणारा कोणी नव्हता. तरीही पुढे असा रुग्ण समोर येईल त्याला मार्ग सापडावा, म्हणून त्यांनी ती ग्रंथात लिहिली. जाब विचारणारा अल्लाह आहे, याची जाणीव असलेल्या माणसाचे हे वागणे आहे.

त्यांचे अखेरचे दिवस अशांततेत गेले. १००९ मध्ये कुर्तुबात यादवी पेटली आणि पुढे मदीनतुज्जहराची लूट होऊन ते नगर उजाड झाले. १०१३ च्या सुमारास जहरावी अल्लाहला प्रिय झाले. संगमरवरी महाल ढासळले, ग्रंथ मात्र टिकला. बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी शल्यचिकित्सेच्या भागाचा लॅटिन अनुवाद केला. चौदाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक गी द शोलियाक यांनी आपल्या ग्रंथात त्यांचा वारंवार आधार घेतला. १४९७ मध्ये तो अनुवाद व्हेनिस येथे छापला गेला.

येथे एक गोष्ट नम्रपणे नमूद करावीशी वाटते. शल्यचिकित्सा आमच्याच पूर्वजांनी शोधली, असे काही बांधव अभिमानाच्या भरात बोलून जातात. जहरावींनी स्वतः ग्रीक वैद्यांकडून, विशेषतः एजिनाच्या पॉल यांच्याकडून पुष्कळ घेतले. त्यांच्या आधीच बगदादमध्ये आपल्या भारतातील सुश्रुताच्या ग्रंथाचाही अरबी अनुवाद झाला होता. ज्ञान हा अल्लाहचा ठेवा आहे. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. पूर्वजांच्या नावाचा जयघोष करणे सोपे आहे, त्यांच्यासारखे सत्यनिष्ठ होणे कठीण.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे काय झाले, हे मोजून लिहिण्याचे काम आज जगभर शास्त्रीय पद्धतीने चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर तपासावयाच्या मुद्द्यांची एक साधी यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, अवयव तोच आहे ना, कोणत्या औषधाची बाधा होते का, शस्त्रे आणि बोळे मोजले का, असे ते प्रश्न. दिल्लीसह ८ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरण्यापूर्वीची आणि नंतरची नोंद ठेवली गेली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दर १००० रुग्णांमागे १५ वरून ८ वर आले. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. प्रश्न विचारणे आणि उत्तर खरे लिहिणे एवढ्यानेच ते साधले.

आपल्या घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली की आपण दुआची विनंती करतो. दुआ अवश्य करावी. उपचार घेण्याची अनुमती प्रेषितांनी (स.) दिली आहे, म्हणून उपचार टाळणे म्हणजे अल्लाहवरील भरवसा नव्हे. त्याबरोबरच डॉक्टरांना आदराने विचारावे : ही शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, धोका किती, आपण अशा किती रुग्णांवर ती केली आणि त्यांचे पुढे काय झाले? सच्चा डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि आपली जी मुले-मुली आज वैद्यकीय शिक्षण घेत आहेत, त्यांना जहरावींच्या शस्त्रांच्या चित्रांबरोबर त्या एका हात कापलेल्या माणसाची हकीकतही सांगावी. रुग्णाचा देह ही अमानत आहे, तशीच त्याच्याविषयीची खरी नोंदही अमानतच आहे.

अल्लाह जहरावींच्या सत्कर्माचा स्वीकार करो, आजारी बंधुभगिनींना शिफा देवो आणि आपल्या चुका मान्य करण्याचे बळ आम्हां सर्वांना देवो. आमीन.