मातीतला नत्र मोजायची वाट दाखवणारे योहान केल्डाल

जंगलातली माती हातात घेतली की काळी, भुसभुशीत लागते. पण तिच्यात नत्र किती, हे नजरेला कळत नाही. तो मोजायची जी पद्धत प्रयोगशाळांत आजही चालते ती योहान केल्डाल यांची. आणि गंमत म्हणजे ती शेतात नाही की जंगलात नाही, बिअरच्या कारखान्यापायी जन्मली!

केल्डाल यांचा जन्म १८४९ चा, डेन्मार्कमधला. कोपनहेगनला कार्ल्सबर्ग बिअरचे मालक याकोबसेन यांनी १८७५ साली प्रयोगशाळा काढली, तिथं ते रसायन विभागाचे प्रमुख झाले. बिअरला लागणाऱ्या बार्लीत प्रथिनं किती, हे नत्र मोजून कळतं. पण तेव्हाची ड्यूमा यांची पद्धत म्हणजे नमुना जाळून निघालेला नत्र वायू मोजायचा. फार किचकट अन् वेळखाऊ काम.

केल्डाल यांनी जाळण्याऐवजी नमुना तीव्र सल्फ्युरिक ॲसिडात उकळला. त्यात सेंद्रिय नत्राचं अमोनियम होतं. मग अल्कली घालून ऊर्ध्वपातन करायचं, निघालेला अमोनिया ॲसिडात पकडायचा आणि किती ॲसिड खपलं ते मोजायचं. बस्स! १८८३ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. महत्त्वाचं संशोधन गुपित ठेवायचं नाही, असा याकोबसेन यांचा दंडकच होता. म्हणून तर ते जगभर पोचलं.

जंगलातल्या मातीला ही पद्धत खास लागते, कारण तिथला बहुतेक नत्र कुजलेल्या पालापाचोळ्यात अडकलेला असतो. नुसत्या पाण्यात तो उतरत नाही. एक उणीव मात्र आहे: मातीतला नायट्रेट मूळ पद्धतीत पुरता मोजला जात नाही, त्यासाठी वेगळा बदल करावा लागतो.

केल्डाल यांना आयुष्य फार लाभलं नाही. १९०० च्या जुलैमध्ये समुद्रस्नानाला गेले असताना त्यांचं निधन झालं. वय अवघं ५०.

आपल्याकडच्या माती परीक्षणात 'उपलब्ध नत्र' काढतात तो बहुधा सुब्बय्या आणि असिजा यांच्या १९५६ च्या पद्धतीनं. त्यातही अमोनियाच पकडतात, पण ॲसिडात उकळत नाहीत. अल्कधर्मी परमँगनेटनं सहज सुटेल तेवढाच नत्र मोजतात. तेव्हा कार्डावरचा आकडा आणि जंगलातल्या मातीचा एकूण नत्र शेजारी ठेवून तुलना करू नका, दोन्ही मापं वेगळी आहेत.