विश्लेषण : पंतप्रधानांच्या मारेकऱ्यांना लोकांची सहानुभूती, १९३२ मध्ये जपानची लोकशाही कशी कोसळली?

टोकियो, १५ मे १९३२, रविवार. नौदलाचे तरुण अधिकारी आणि लष्कराचे कॅडेट पंतप्रधानांच्या निवासस्थानात घुसले. ७६ वर्षांचे त्सुयोशी इनुकाई त्यांना बसून बोलण्याची विनंती करत होते. हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या. त्याच रात्री इनुकाईंचा मृत्यू झाला.

कोण होते इनुकाई?
जन्म १८५५, ओकायामा. तरुणपणी पत्रकार असलेल्या इनुकाईंनी १८७७ च्या सत्सुमा बंडाचे वार्तांकन केले. १८९० मध्ये जपानच्या पहिल्या संसदेत निवडून आले आणि अखेरपर्यंत खासदार राहिले. डिसेंबर १९३१ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा लष्कर सरकारला न जुमानता चीनचा मांचुरिया गिळत होते. इनुकाईंना चीनशी चर्चेतून तोडगा हवा होता.

मारेकऱ्यांचे काय झाले?
न्यायालयात त्यांनी भ्रष्ट राजकीय पक्ष आणि बड्या उद्योगसमूहांवर आगपाखड केली. मंदीने पिचलेल्या अनेकांना ती पटली. दयेच्या अर्जांवर लाखो सह्या झाल्या. नौदल अधिकाऱ्यांना जास्तीत जास्त १५ वर्षांची कैद झाली. फाशी कुणालाच नाही.

परिणाम काय झाला?
पुढचे पंतप्रधान नौदलातील ॲडमिरल माकोतो साइतो. राजकीय पक्षाचे सरकार पुन्हा आले ते दुसऱ्या महायुद्धानंतरच. खून करूनही लोक आपल्याला डोक्यावर घेतात, हे लष्करातील कट्टरपंथीयांनी पाहिले होते. फेब्रुवारी १९३६ मध्ये १,४०० हून अधिक सैनिकांनी बंड केले. त्यात साइतोही मारले गेले. या वेळी म्होरक्यांना मृत्युदंड झाला, पण सरकारवरील लष्कराची पकड आणखी घट्ट झाली.